मुंबईत 'परमनंट' नोकरी उरली आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

विषय घरचाच आहे. आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो. मुलगा २४ वर्षांचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. तीन वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात जातोय. गेट तेच, पॅनल तेच, लॉकर तोच, सुपरवायझरही तोच. गळ्यातली कार्डं मात्र तीन झाली. सात-आठ महिने झाले की 'ब्रेक' मिळतो. पंधरा-वीस दिवस घरी बसायचं, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने पुन्हा त्याच गेटमधून आत जायचं. परवा कपाट आवरताना तिन्ही कार्डं हाताला लागली. तिन्हींवर फोटो एकच, जॉइनिंगच्या तारखा मात्र वेगवेगळ्या.

माझे वडील डिलाईल रोडला राहायचे, गिरणीत साचेखात्यात (मागावर कापड विणायचं खातं) होते. १९८२ चा संप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मिस्टर एलबीएस मार्गावरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत चौदा वर्षं परमनंट होते. २००३ मध्ये व्हीआरएस घ्यायला लावली. मिळालेल्या पैशात खोलीचं कर्ज फिटलं, पण पुढे कायम अशी नोकरी काही मिळाली नाही. आज ते एका सोसायटीत सिक्युरिटीला आहेत, बारा तासांची ड्युटी.

आता मुलगा विचारतो, "सरकारी भरतीचा क्लास लावू की आहे तिथेच राहू?" मला उत्तर देता येत नाही. वर्तमानपत्रात तर बेरोजगारी कमी झाल्याचं वाचते. मग आमच्या चाळीतली निम्मी पोरं दुपारी बारा वाजता कट्ट्यावर कशी दिसतात? जाणकारांनी सांगावं.

कल्याण_स्लो

ताई, माझ्याकडे चार कार्डं आहेत. वाचून वाटलं माझ्याच आईने लिहिलंय.

आकडेमोड

रानजाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

बेरोजगारीचा जो आकडा छापून येतो तो बहुधा पीएलएफएस या सरकारी पाहणीतला असतो. २०१७-१८ मध्ये ही पाहणी सुरू झाली तेव्हा देशाचा दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. आकडा खोटा नाही. पण तो कसा मोजतात ते कळलं की कट्ट्यावरच्या पोरांचं कोडं सुटतं.

वर्षातले बरेच दिवस काम नसलं तरी जोडीला तीस दिवस कुठेतरी काम केलं असेल, तर माणूस 'कामात' धरला जातो. दुसऱ्या पद्धतीत मागच्या सात दिवसांत एक तास काम केलं तरी पुरतं. भावाच्या वडापावच्या गाडीवर पगाराशिवाय हात लावणारा मुलगाही कामातच. आणि वैतागून ज्याने काम शोधायचंच सोडलं, तो बेरोजगारांत येत नाही. त्याला श्रमशक्तीतूनच वगळतात.

म्हणजे तुमचा मुलगा ब्रेकच्या वीस दिवसांत घरी बसला तरी वर्षाच्या हिशेबात तो नोकरदारच. तरुणांचा आकडा वेगळा काढला की चित्र बदलतं. १५ ते २९ वयोगटात २०२३-२४ चा दर १०.२ टक्के होता. गरिबाला बेकार बसणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो. म्हणून आपल्याकडे बेरोजगारीच्या दरापेक्षा काम कसलं आहे हे बघायला हवं. किती जणांकडे नेमणुकीचं पत्र आहे, किती जणांना भरपगारी रजा आहे, हे विचारा. याच पाहणीत तेही असतं, पण मथळ्यात येत नाही.

पिंपळपान

म्हणजे माझा धाकटा भाऊ आठवड्यातून एक तास आईला भाजी निवडून देतो, तो पण कामावर का? :)

आकडेमोड

भाजी घरच्या जेवणासाठी असेल तर नाही. आईची खानावळ असेल तर हो! गंमत बाजूला ठेवली तर यातला खरा मुद्दा बायकांच्या कामाचा आहे. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहा.

साचेवाला

रानजाई, तुझे वडील साचेखात्यात म्हणजे आपण एकाच घरचे. मी लालबागचा, वय ७१. २२ व्या वर्षी बदली म्हणून लागलो.

इथल्या तरुण मुलांना वाटतं की पूर्वी सगळे परमनंट होते. तसं नव्हतं. सकाळी पाळीच्या आधी बदलीवाले गेटवर उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर जॉबर (माणसं भरणारा मुकादम) आत घ्यायचा, नाही तर परत खोलीवर. मी पाच वर्षं असं काढलं. फरक इतकाच की बदलीवाल्याला आशा होती. आज ना उद्या आपल्या नावाचा कायम टिकट नंबर मिळणार, हे ठाऊक होतं. या पोराला तीन वर्षांत तसं कुणी सांगितलंय का?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. कामगार नेते दत्ता सामंतांनी तो कधी मागे घेतला नाही, कागदावर तो संपलेलाच नाही. लोक म्हणतात संपाने गिरण्या बुडाल्या. मी त्यात होतो, म्हणून सांगतो, एवढं सोपं नाही. कापड आधीच भिवंडीच्या यंत्रमागांवर जायला लागलं होतं. मालकांनी यंत्रं नवी केली नव्हती. आणि खाली जमीन होती सहाशे एकर, मुंबईच्या ऐन पोटात. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली, इमारतींखालची वगळली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. आता लोअर परळला जाऊन बघा.

एमआयडीसीकर

साचेवाला काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो.

माझं वागळे इस्टेटमध्ये छोटं युनिट आहे, १८ माणसं. त्यातली ७ कायम, ११ ठेक्यावर. मला हौस म्हणून मी असं करत नाही. आम्ही मोठ्या कंपन्यांना पार्ट देतो. ते दोन महिन्यांची ऑर्डर देतात, पैसे नव्वद दिवसांनी. मार्चमध्ये वीस माणसं लागतात, जूनमध्ये दहा. सगळे कायम घेतले तर जूनचा पगार मी कुठून आणू? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सातही कायम माणसांना अर्धा पगार दिला, त्यासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवले. ठेक्यावरच्यांना काही देऊ शकलो नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

मुंबई-ठाण्यातली जागा इतकी महाग झाली की कारखाना चालवण्यापेक्षा तो विकून टॉवर बांधणं फायद्याचं. माझ्या गल्लीतली तीन युनिटं वसई आणि मुरबाडला गेली. एलबीएस मार्ग आठवा. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत दोन्ही बाजूंना कारखाने होते. कामगार वाईट किंवा मालक लबाड, एवढ्यावर हे भागत नाही.

लाल_बावटा_नव्हे

एमआयडीसीकर, तुमची अडचण खरी आहे. पण रानजाईंच्या मुलाची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी आहे. तिथे काम बारमाही आहे. काम हंगामी असतं तर तोच मुलगा त्याच पॅनलवर तीन वर्षं दिसला नसता.

ब्रेक सात-आठ महिन्यांनीच का, ते सांगतो. मी २० वर्षं कामगार संघटनेचं काम करतोय. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरायचे. मग कामावरून काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागायची. ते २४० भरू नयेत म्हणून ब्रेक, आणि हिशेब पुन्हा शून्यावर यावा म्हणून नवा ठेकेदार. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा कायमस्वरूपी कामातली ठेकेदारी कमी व्हावी म्हणून आला. प्रत्यक्षात ठेकेदाराचं लायसन हाच परवाना झाला.

मुंबईने यावर स्वतःचा एक तोडगा काढून दाखवला होता, त्याची आठवण कुणी काढत नाही. माथाडी! अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून मंडळ केलं. मालक आणि माथाडी दोघांची नोंद मंडळात. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळ त्यातून पगार, फंड, ग्रॅच्युइटी, बोनस देणार. काम हललं तरी माणसाचा फंड हलत नाही. १९८१ मध्ये असाच कायदा खासगी सुरक्षा रक्षकांसाठी झाला. रानजाई, तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यांची नोंद सुरक्षा रक्षक मंडळात आहे की एजन्सीमार्फत आहेत? फार मोठा फरक पडतो.

मंडळांतही खोटे माथाडी आणि खंडणी असले प्रकार शिरले, ते मी नाकारत नाही. पण कल्पना सोन्यासारखी होती. एमआयडीसीकरांच्या मार्च-जूनच्या अडचणीलाही तिच्यात उत्तर आहे. माणूस मंडळाचा, काम आलटून पालटून तुमचं.

एमआयडीसीकर

हे पटलं. अशी इलेक्ट्रिशियन-फिटरची मंडळं असती तर मी आनंदाने लेव्ही भरली असती. ठेकेदाराला कमिशन देतोच की.

सुगरण_काळाचौकी

आकडेमोड यांनी खानावळीचं नाव काढलं म्हणून लिहितेय.

माझी आत्या काळाचौकीला खानावळ चालवायची. गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, कोल्हापूर-साताऱ्याकडची नाही तर कोकणातली, पाळीपाळीने झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या वळकटीच्या जागी तिसऱ्या पाळीचा. त्यांची बायकापोरं गावाला. त्यांना जेवू घालायच्या आमच्या बायका. आत्याकडे सोळा माणसं होती. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. हिशेब महिन्याने, पगार झाला की. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

संप झाला तेव्हा सोळापैकी बारा जण गावी निघून गेले. काहींची चार-चार महिन्यांची उधारी राहिली. आत्याने कुणाला दोष दिला नाही. पण तिचाही रोजगार गेला होता की! अडीच लाखांत ती नाही. भरपाईच्या कुठल्या यादीत तिचं नाव नाही. मुंबईतल्या बेकारीचा इतिहास सांगताना स्टोव्हपुढच्या या बायका मोजल्याच जात नाहीत, याचा मला अजून राग येतो.

साचेवाला

मी जेवलोय अशा खानावळीत सात वर्षं. संपात आमच्या बाईंनी दोन महिने पैशाविना जेवू घातलं. आठ वर्षांनी गावची जमीन विकल्यावर पैसे द्यायला गेलो, तर त्या खोलीत दुसरं कुणी राहत होतं.

दुचाकी_घाटकोपर

मी या धाग्यावरचा 'स्वयंरोजगारवाला'. बीकॉम, वय २७. तीन वर्षं जेवण पोचवतो.

पहिलं वर्ष खरंच चांगलं गेलं. कुणाच्या हाताखाली नाही, आठवड्याला पैसे खात्यात, हे आवडलं होतं. मग एरियात रायडर वाढले आणि दर ऑर्डरमागचे पैसे घटले. पूर्वी दहा तासांत जे सुटायचं त्याला आता तेरा-चौदा तास लागतात. पेट्रोल माझं, गाडीचा हप्ता माझा, मोबाइल माझा. गेल्या पावसाळ्यात पंतनगरच्या उतारावर गाडी घसरली, मनगटाला प्लास्टर. सव्वा महिना घरी. त्या काळात आयडी चालू होता, म्हणजे कागदावर मी कामावरच.

२०२२ च्या नीती आयोगाच्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख कामगार धरले होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमची व्याख्या पहिल्यांदा आली. व्याख्येत आलो, याचं बरं वाटलं. पण 'लाल_बावटा_नव्हे' म्हणतात तसं माथाडीसारखं मंडळ आमच्यासाठी झालं तर मी उद्या सकाळी रांगेत उभा राहीन. आमचं काम त्या हमालांसारखंच आहे हो. आज या हॉटेलात, उद्या त्या.

मुळामुठा

मुंबईकरांनो, चाकणला या. कारखाने इथे आहेत.

कल्याण_स्लो

काका, माझं चौथं कार्ड चाकणचंच होतं.

मुळामुठा

ओह. सॉरी मित्रा. खरं आहे, इथेही ट्रेनी आणि ठेक्यावरची पोरं भरपूर आहेत. खोलीचं भाडं जाऊन हातात काही राहत नाही म्हणतात.

अभ्यासिका_ठाणे

रानजाईताई, क्लासच्या प्रश्नावर मी बोलतो, कारण मी त्यातून गेलोय.

२२ ते २९, सात वर्षं मी भरतीचा अभ्यास केला. पोलीस, तलाठी, पालिका, सगळं. पहाटे पाचला मैदान, दहा ते आठ अभ्यासिका. दोनदा थोडक्या गुणांनी गेलं. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यभरात साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांवर. म्हणजे शंभरात एक. उरलेले नव्व्याण्णव आळशी नव्हते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्याहून हुशार होता, तो आज वडिलांच्या दुकानात बसतो.

परीक्षा द्यावी, जरूर द्यावी. पण हातातलं काम सोडून नको. माझी सगळ्यात मोठी चूक हीच की मी आयटीआयनंतर एक दिवसही हत्यार हातात धरलं नाही. २९ व्या वर्षी मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्याने "अनुभव?" विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताई, तुमच्या मुलाकडे तीन वर्षांचा अनुभव आहे. तो त्याने पुसू देऊ नये.

आणि रेल्वेकडे बघायला सांगा. खालच्या श्रेणीच्या भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी २० टक्के जागा असतात. परळ, माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस घेतात. आपोआप नोकरी मिळते असं नाही. मार्च २०१८ मध्ये दादर-माटुंग्याजवळ रुळांवर बसलेली मुलं याच प्रश्नासाठी बसली होती. वयाची अटही पाहावी लागेल.

पिंपळपान

सरकारच्या कार्यप्रशिक्षण योजनेचं काय? २०२४ मध्ये आली ती. बारावीला ६ हजार, आयटीआयला ८ हजार, पदवीला १० हजार.

अभ्यासिका_ठाणे

ते विद्यावेतन आहे, मुदतीचं. नवशिक्याला ठीक. तीन वर्षं पॅनलवर काम केलेल्याने त्यात कशाला जायचं?

लिफ्टमन_नव्हे_टेक्निशियन

धागा उशिरा पाहिला. मी लिफ्टच्या देखभालीत आहे, १६ वर्षं.

रानजाईताई, मुलाने वायरमनचं लायसन काढलंय का? नसेल तर आधी ते. साचेवाला काका म्हणतात त्या गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर उभे आहेत त्यांत चाळीस-पन्नास मजले आहेत, एकेका इमारतीत सहा-आठ लिफ्ट, पंप, डीजी सेट, फायर पॅनल. ते सांभाळायला कंट्रोल वायरिंग वाचता येणारा माणूस लागतो आणि तो मिळत नाही. ड्रॉइंग हातात घेऊन फॉल्ट शोधणारी पोरं दहात दोन. ज्याने तीन वर्षं पॅनलवर काढली, त्याला रिले, कॉन्टॅक्टर, लिमिट स्विच नवीन नाहीत. सहा महिने कुणा जाणत्याच्या हाताखाली शाफ्टमध्ये उतरला तर तो तयार होतो.

स्वर्ग आहे असं नाही म्हणणार. रात्री दोनला फोन येतो, माणूस अडकलाय म्हणून. आमच्यातही ठेकेदारी आहे, आणि जिवाला धोका आहे. सेफ्टी बेल्ट न देणाऱ्याकडे एक दिवसही काम करू नये. पण या कामात हुनर माणसाबरोबर जातं आणि कुणी ब्रेक दिला तर दुसरा बोलावून नेतो. माझ्यापुरता परमनंटचा अर्थ आता तेवढा राहिलाय.

लाल_बावटा_नव्हे

लिफ्टवाले दादा, तुमचा सल्ला चांगला आहे, पण शेवटचं वाक्य मी मान्य करणार नाही. हुनर असलेला तरेल. झाडू मारणारी, लोडिंग करणारी, गेटवर उभी राहणारी माणसं काय करणार? त्यांनाही म्हातारपण आहे. प्रत्येकाने स्वतःपुरता परमनंट व्हावं म्हटलं की बाकीचे गेटबाहेर राहतात.

लिफ्टमन_नव्हे_टेक्निशियन

मान्य. माझे वडील पालिकेत सफाईला होते, कायम होते, म्हणूनच मी आयटीआय शिकलो. तुमचं बरोबर आहे.

पासबुक

एक कामाची गोष्ट राहिली. तीन ठेकेदार म्हणजे पीएफची तीन खाती, पण यूएएन (सभासदाचा पीएफचा कायमचा क्रमांक) एकच असायला हवा. पोरं काय करतात, काम सुटलं की फॉर्म १९ (पीएफ काढायचा) आणि १०सी (पेन्शनचे पैसे काढायचा) भरून सगळे पैसे काढायला बघतात. १०सीने पेन्शनचे पैसे काढले की तेवढी सेवा पुसली जाते. पेन्शनला एकूण दहा वर्षं लागतात, सलग नसली तरी चालतात, पण काढलेली चालत नाहीत. म्हणून काढू नका, ट्रान्सफर करा. ठेकेदाराने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः ऑनलाइन टाकता येते. आणि ठेकेदाराने भरणाच केला नसेल तर मूळ कंपनीकडे मागा, जबाबदारी तिचीही असते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर दोघांना समोर बसवून धागा मोठ्याने वाचला.

मिस्टर मंडळात नाहीत, एजन्सीत आहेत. सहा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलंच नव्हतं. सोमवारी सुट्टी आहे, तेव्हा चौकशीला जाणार आहेत. साचेवाला काकांचं लिहिलेलं वाचताना ते गप्प झाले. मग म्हणाले, तुझ्या वडिलांचा टिकट नंबर अजून माझ्या लक्षात आहे. लग्नाची बोलणी करायला आले होते तेव्हा तो सांगूनच स्वतःची ओळख करून दिली होती त्यांनी.

मुलाने क्लासचा विषय बाजूला ठेवलाय. परीक्षा आली की देईन म्हणाला. लिफ्टवाले दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्याला रविवारी वेळ असतो.

पासबुक, तुमच्यासाठी एक प्रश्न. पहिल्या ठेकेदाराचं पासबुक उघडलं तर आठपैकी पाचच महिन्यांचा भरणा दिसतोय. पगाराच्या स्लिपवर मात्र आठही महिने कापलेत. स्लिपा जपून ठेवल्या आहेत. कंपनीला अर्ज लिहायचा तर कुणाच्या नावाने, आणि सोबत काय काय जोडायचं?